डोंगरउतारावर ट्रॅक्टर

दसरा सरला की आमच्या डोंगराकडे गवताची कापणी सुरू होते. कन्नड, खुलताबाद, सोयगाव, सिल्लोड या तालुक्यांत ज्यांची गावे डोंगराला पाठ टेकून बसली आहेत, त्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेले गवत आश्विनात पिवळे पडू लागते. कुसळ पिकून टोचरे होण्याच्या आत ते कापले तर गुरे आवडीने खातात. उशीर झाला की तेच गवत गुरांच्या तोंडाला टोचते.

पूर्वी हे काम विळ्याने होई. दहा-बारा माणसे ओळीने बसत. गवत कापीत, पेंढ्या बांधीत डोंगर चढत. आता तरुण पोरे वाळूजच्या कारखान्यांत जातात. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. म्हणून लोक ट्रॅक्टर डोंगरावर नेऊ लागले. ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचे यंत्र जोडायचे, नाही तर नुसती ट्रॉली लावून पेंढ्या खाली आणायच्या. चार दिवसांचे काम एका दिवसात होते. ट्रॅक्टर वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या घरीही एक आहे.

पण ट्रॅक्टर हा सपाटीचा गडी आहे. उतारावर त्याचा स्वभाव बदलतो. तो कसा बदलतो, ते नीट समजून घेऊ.

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. वर्गात हुशार, गणितात तर पहिला. मोठा झाल्यावर शेती करू लागला. सहा वर्षांपूर्वी कार्तिकात त्याने डोंगरावरून गवताच्या पेंढ्या भरल्या. ट्रॉलीचे एक चाक चरात अडकले. त्याने ट्रॉली सोडवली, ट्रॅक्टर वर नेला आणि साखळीने टोचन लावले. साखळी खालच्या हुकाला अडकवायची, ती त्याने वर, बसायच्या जागेच्या मागे असलेल्या लोखंडाला बांधली. तिथे गाठ सोपी पडत होती. मग गिअर टाकला आणि क्लच सोडला. पुढची चाके उचलली गेली. ट्रॅक्टर जागच्या जागी पाठीवर पडला. तो खाली सापडला. हाक मारायलाही त्याला सवड मिळाली नाही.

त्याची आई आता आमच्या साक्षरता वर्गात येते. एके दिवशी पाटी पुसता पुसता तिने मला विचारले, "गुरुजी, एवढं मोठं धूड. मागून इतकं जड. ते उलटतंच कसं?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. तिला विचारूनच हा पाठ लिहीत आहे.

गाडी उलाळ होते तशी

बैलगाडी हाकलेल्यांना 'उलाळ' हा शब्द ठाऊक आहे. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की जू वर उचलते. बैलांच्या मानेला फास बसतो. गाडी कण्यावर झुलते. मागे भार जास्त असेल तर गाडी उलाळ, पुढे जास्त असेल तर धुरजड. शहाणा गाडीवान भरतानाच तोल पाहतो.

ट्रॅक्टरचेही तसेच आहे. पंचेचाळीस घोड्यांच्या ताकदीचा ट्रॅक्टर घेतला तर त्याचे वजन वीस क्विंटलांच्या आसपास असते. त्यातले निम्म्याहून अधिक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते. पुढची चाके हलकी. सपाटीवर हे ठीक असते. ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचे नाक वर होते आणि पुढचे वजन आणखी मागे सरकते. म्हणजे चढावर प्रत्येक ट्रॅक्टर थोडा थोडा उलाळ असतोच.

आता दुसरी गोष्ट पहा. गंजलेला नट पान्याने फिरवायला जा. नट फिरला तर ठीक. तो घट्ट बसलेला असला तर तुमचेच अंग उलट्या बाजूला ढकलले जाते. इंजिन मागचा कणा फिरवते. चाके फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाके चिखलात रुतली असतील, किंवा मागचे ओझे जागचे हलत नसेल, तर चाके फिरत नाहीत. इंजिनाचा जोर मात्र थांबत नाही. मग चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच कण्याभोवती फिरू लागते. पुढची चाके वर येतात.

आणि साखळी कुठे बांधली, यावर पुढचे सगळे ठरते. मागच्या कण्याच्या खाली, हुकाला म्हणजे ड्रॉबारला बांधली असेल, तर नाक उचलू लागताच साखळीचा ओढा त्याला खाली खेचतो. कण्याच्या वर बांधली असेल, तर हाच ओढा ट्रॅक्टरला मागे पाडायला मदत करतो. पहार आणि टेकू तुम्हाला माहीत आहेत. पहार लांब, तितका दगड सहज उचलतो. साखळी कण्यापासून जितकी वर, तितकी ही उलटी पहार लांब होते.

यालाच पुस्तकात तरफ म्हणतात. तरफ मी या मुलाला सातवीत शिकवली होती. टेकू, भार, जोर, सारे त्याने बरोबर लिहिले होते. मी फळ्यावर पहार आणि दगडाचे चित्र काढले होते. ट्रॅक्टरचे काढले नव्हते.

ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा नाक उचलल्यापासून पाठीवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. त्यातला पहिला अर्धा भाग संपला की मग क्लच दाबून उपयोग नसतो. म्हणजे सावरायला एक सेकंदसुद्धा मिळत नाही. "मी पटकन उडी मारीन," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. काय झाले हे कळायलाच माणसाला तेवढा वेळ लागतो. उडी मारणार कधी?

म्हणून टोचन फक्त खालच्या हुकाला. साखळी वर बांधायची वेळ आली असे वाटले, तर ते काम करायचेच नाही. क्लच हळूहळू सोडायचा, झटक्याने नाही. अडकलेली ट्रॉली ओढण्याआधी ती रिकामी करायची. पेंढ्या उतरवायला अर्धा तास लागतो. चाकापुढची माती फावड्याने काढा. चाकाखाली दगड किंवा फळी द्या. ट्रॅक्टरच रुतला असेल तर पुढे रेटू नका. मागची चाके खणून मोकळी करा आणि उलट्या गिअरने, आल्या वाटेने मागे घ्या. चाकांपुढे लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढायची एक रीत काही जण वापरतात. ओंडका चाकाबरोबर वर जात नाही. तो अडतो आणि ट्रॅक्टरच त्याच्याभोवती फिरतो. ती रीत फार वाईट.

चढ मोठा असेल आणि मागे जड यंत्र असेल तर ट्रॅक्टर उलट्या गिअरने वर न्यावा आणि सरळ नाक खाली करून उतरवावा. मग जड बाजू नेहमी चढाकडे राहते. पाहणारे हसतील, हसू द्या.

ओळंबा आणि काड्याची पेटी

आता आडवे उलटण्याकडे वळू. मागे उलटणे झटक्यात जीव घेते. पण डोंगरावर आडवे उलटणे जास्त वेळा घडते.

घरी एक करून बघा. बसायचा पाट घ्या. त्यावर ओले फडके पसरा, म्हणजे वस्तू घसरणार नाही. त्यावर काड्याची पेटी आडवी ठेवा आणि शेजारी दुसरी पेटी उभी ठेवा. आता पाटाची एक बाजू हळूहळू उचला. उभी पेटी आधी पडते. आडवी पेटी बराच वेळ टिकते. दोन्ही पेट्या सारख्याच, वजनही सारखेच. मग फरक कशाचा? एकीचे वजन उंचावर आहे आणि तिची बैठक अरुंद आहे. दुसरीचे वजन खाली आहे आणि बैठक रुंद आहे.

हे का होते, ते गवंडी सांगेल. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो. समजा, ट्रॅक्टरच्या सगळ्या वजनाचा जो मध्य आहे, तिथून एक ओळंबा सोडला. सपाटीवर तो डाव्या आणि उजव्या चाकांच्या मधोमध पडेल. उतारावर ट्रॅक्टर आडवा उभा केला की ओळंबा खालच्या चाकाकडे सरकेल. तो खालच्या चाकाच्या आत पडतो तोवर ट्रॅक्टर उभा. बाहेर पडला की ट्रॅक्टर आडवा झालाच म्हणून समजा.

म्हणून ज्याने ओळंबा खालच्या चाकाकडे सरकतो, ते सारे उतारावर वर्ज्य. यंत्र हायड्रोलिकने उंच उचलून चालवणे वर्ज्य. वळायचे असेल तेव्हा सुद्धा यंत्र जमिनीपासून वीतभर वर, त्याहून जास्त नको. मडगार्डवर खालच्या बाजूला माणूस बसवणे तर पक्के वर्ज्य. एका बाजूला बाहेर निघणारे गवतकापणी यंत्र असेल तर ते डोंगराच्या वरच्या अंगाला ठेवावे, दरीच्या अंगाला नाही. मागची चाके रुंद बसवता येतात, ती मेकॅनिककडून बसवून घ्यावीत. मागच्या टायरात पाणी भरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक आहे. शेतात चाक घसरू नये म्हणून ते भरतात. त्याने वजन खाली येते, हा उतारावरचा दुसरा फायदा.

उतार मोजावा कसा?

"माझ्या नजरेला उतार कळतो," असे लोक म्हणतात. नजर फसवते. लहानपणापासून डोंगरात राहणाऱ्याला मोठा उतारही साधा वाटतो. म्हणून मोजून घ्यावा. दहा फुटांची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक डोंगराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा. काठीवर गवंड्याची पाणसळ ठेवा. काठी सपाट होईपर्यंत खालचे टोक उचला. आता त्या टोकापासून जमिनीपर्यंत किती फूट होतात ते मोजा. दोन फूट भरले तर दहाला दोनचा उतार.

पाणसळ नसली तर बाटलीत अर्धे पाणी भरून ती आडवी ठेवली तरी चालते.

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या पुस्तिकांत पुष्कळदा पंधरा अंशांची हद्द लिहिलेली असते. आपल्या काठीच्या भाषेत ती दहा फुटांना सुमारे दोन फूट आठ इंच होते. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहा. माझे मत विचाराल, तर आपल्या दगडगोट्यांच्या डोंगरावर ती हद्दही जास्तच आहे. दहाला दोनच्या पुढे ट्रॅक्टर आडवा चालवू नये. का, ते हिशेबाने दाखवतो.

डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर साडेचार फूट धरा. ट्रॅक्टर दहाला दोनच्या उतारावर आडवा चालला आहे. वरचे चाक अर्धा फूट उंचीच्या दगडावर चढले. त्याच क्षणी खालचे चाक अर्धा फूट खोल खड्ड्यात गेले. एक फुटाचा फरक पडला. साडेचार फुटांत एक फूट, तर दहा फुटांत किती? सव्वादोन फुटांच्या जवळ. आधीचे दोन, त्यात हे सव्वादोन. म्हणजे ट्रॅक्टरला एका क्षणात दहाला सव्वाचारचा उतार लागला. तोही धक्क्याने. डोंगर तोच, पण ट्रॅक्टरपुरता तो दुप्पट उभा झाला. गवतात दगडही दिसत नाही आणि खड्डाही दिसत नाही.

आणि आपल्याकडे गवतात फक्त दगड आणि खड्डेच नसतात. डोंगरउतारावर पाणी अडवण्यासाठी समपातळी चर खणलेले असतात. कुठे पाणलोटाच्या कामात, कुठे २०१५ पासून जलयुक्त शिवारात. दोन फूट रुंद, एक-दोन फूट खोल, डोंगराला आडवे. काम चांगले आहे. त्याने विहिरींना पाणी आले. पण चार पावसाळ्यांत चराच्या काठावर गवत माजते, दोन्ही बाजूंचे गवत एकमेकांत मिसळते आणि चर दिसेनासा होतो. आडवा चाललेला ट्रॅक्टर खालच्या चाकाने त्यात गेला, की काय होते ते वरच्या हिशेबावरून समजेल.

म्हणून आदल्या दिवशी सगळे रान पायी फिरावे. हातात काठी घ्यावी, गवतात आपटत चालावे. चर, खड्डा, मोठा दगड, उधईचे वारूळ, जुना खुंट, जे सापडेल तिथे काठी रोवून लाल चिंधी बांधावी. हे काम मुलांना आवडते. पण चिंध्या मोजून ठेवा आणि संध्याकाळी तेवढ्याच परत आल्या का ते बघा. नाही तर चिंधी गवताबरोबर गुरांच्या पोटात जाते.

चालवताना

उतारावर शक्य तो वर-खाली चालवा, आडवे नको. वळण डोंगराच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर सपाटी पाहून घ्या. मधेच वळावे लागले तर अगदी सावकाश, मोठा फेर घेऊन. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. दुप्पट नाही, चौपट. हे लक्षात ठेवायला सोपे आहे, पाळायला कठीण. संध्याकाळ झाली, थोडेच गवत राहिले, पोटात भूक आहे, अशा वेळी पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो.

ट्रॅक्टर आडवा होतोसे वाटले तर चाक कुठे वळवायचे? माणसाचे मन सांगते, वर वळव. तसे केले तर तो खालीच कोसळतो. स्टिअरिंग उताराकडे वळवावे, म्हणजे नाक खाली होते आणि आडवा तोल सरळ होतो. हे आधीच मनाशी घोकून ठेवावे लागते. ऐन वेळी सुचत नाही.

ब्रेकचे दोन पायदान असतात, डाव्या चाकाचा एक आणि उजव्या चाकाचा एक. नांगरताना झटकन वळता यावे म्हणून ते वेगळे ठेवलेले असतात. त्यांना जोडणारी एक खिटी असते. डोंगरावर आणि रस्त्यावर ती लावलेलीच असली पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. आमच्या गावात निम्म्या ट्रॅक्टरांची ही खिटी गंजून गेलेली असते.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रल करून सोडणारे बहाद्दर आहेत. त्यात वाचते पावशेर डिझेल. उतारावर क्लचही दाबून धरू नये, कारण तेव्हा इंजिन चाकांना आवरीत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एकदा वेग वाढला की पुन्हा गिअर पडत नाही. मागे भरलेली ट्रॉली असेल तर ती पुढे रेटते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरने थांबायचे म्हटले तरी ट्रॉली थांबत नाही. ती त्याला बाजूने ढकलून आडवा पाडते.

सकाळी गवतावर दव असते. ओल्या गवतावर टायर साबण लावल्यासारखा घसरतो. ऊन वर येऊन गवत सुकेपर्यंत थांबावे. तेवढ्यात न्याहारी होते.

कडा, बांध आणि विहीर

आपली काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की सुटते. बांधाच्या, नाल्याच्या, विहिरीच्या काठची माती वरून घट्ट दिसते, आतून पोकळ असते. एक साधा हिशेब ठेवावा. नाला जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून लांब राहावे. दहा फूट खोल नाला, तर दहा फूट दूर. पावसानंतर त्याहून जास्त.

विहिरीबाबत तर आणखी सावध. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. सात बाया बुडून गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातून मजुरीसाठी आल्या होत्या. त्या आधी मार्च महिन्यात आपल्याच कन्नड तालुक्यात पिशोरच्या घाटात उसाचा ट्रक उलटला. उसावर बसलेले सहा मजूर गेले. तो ट्रॅक्टर नव्हता, ट्रक होता, हे खरे. पण भरलेल्या मालावर माणसे बसली की दोन्हींत काही फरक राहत नाही.

ट्रॅक्टरला बसायची जागा एकच असते, माणूसही एकच. पोराला हौस म्हणून मडगार्डवर घेऊ नये. पोराला वाईट वाटेल. त्याला खाली सावलीत बसवून पाण्याची घागर राखायला सांगावे.

पीटीओचा दांडा

गवत कापणारे यंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर चालते. त्याला पीटीओ म्हणतात. तो बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो. भागाकार करा. सेकंदाला नऊ फेरे. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातला रुमाल, यांपैकी काहीही त्यात अडकले तर 'अरे' म्हणेपर्यंत नऊ वेटोळे पडलेले असतात. या दांड्यावर एक प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे झाकण येते. ते तुटले की लोक काढून टाकतात. ते नवे बसवावे.

यंत्रात गवत गुंतले तर हात घालण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. एवढे झाले तरी पाती लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ फिरत राहतात. ती थांबलेली डोळ्यांनी पाहावी, मगच वाकावे. पात्याखाली गोटा आला तर तो गोफणीतून सुटावा तसा उडतो. गवत गोळा करणाऱ्या बाया यंत्राच्या मागे लगेच चालतात. त्यांना अर्धे रान मागे ठेवावे. जेवढे कापून झाले तेवढे मागून गोळा करता येते, घाई कसली?

चौकट आणि पट्टा

स्वीडन नावाचा एक थंड देश आहे. तिथेही डोंगर आहेत, शेतकरी आहेत आणि ट्रॅक्टर उलटून त्यांचेही लोक मरत. त्या सरकारने १९५९ साली कायदा केला की नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या भोवती लोखंडी चौकट असलीच पाहिजे. चौकट असली की ट्रॅक्टर उलटला तरी चालकावर बसत नाही. पुढे तिथे दबून मरणारे फार कमी झाले. योगायोग असा की त्याच १९५९ साली आपल्याकडे फरीदाबादला आयशर कारखान्यातून देशी ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. आपण ट्रॅक्टर घेतले. चौकट घ्यायची मात्र राहून गेली.

ऊन लागू नये म्हणून जे छत बसवतात, ती ही चौकट नव्हे. ते पत्र्याचे असते, ट्रॅक्टरखाली चुरडते. खरी चौकट जाड लोखंडाची, कारखान्यात तपासलेली, चासीला बोल्टने कसलेली असते. गावातल्या वेल्डरकडून करून घेऊ नका. त्याचे काम चांगले असेल, पण उलटणाऱ्या वीस क्विंटलांचा जोर त्याने कधी मोजलेला नसतो. नवा ट्रॅक्टर घेताना दुकानदाराला चौकटीचे विचारा.

चौकट असेल तर कमरेचा पट्टा लावा, म्हणजे तुम्ही चौकटीच्या आत राहता. चौकट नसेल तर पट्टा लावू नका. नाही तर ट्रॅक्टरबरोबर बांधले जाता. ही गोष्ट उलटसुलट वाटते, म्हणून दोनदा वाचा.

आणखी एक. ट्रॅक्टरला मडगार्डवर, पीटीओजवळ, बसायच्या जागेपाशी काही चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्यांवर सूचना छापलेल्या असतात. आतापर्यंत तुम्ही त्यांना नुसती नक्षी समजत होता. आता तुम्हाला वाचता येते. चिखल पुसा आणि वाचा. हिंदीत असल्या तरी अक्षर तेच आहे. काही अडले तर पैठण रस्त्यावर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारायला संकोच करू नये.

उलटलाच तर

एकट्याने डोंगरावर ट्रॅक्टर नेऊ नये. घरी सांगून जावे, कोणत्या रानात, केव्हा परत. डोंगरात मोबाईल कुठे लागतो, कुठे लागत नाही, हे आधी पाहून ठेवावे.

ट्रॅक्टर उलटला आणि माणूस खाली सापडला, तर पहिले काम इंजिन बंद करणे. डिझेल सांडलेले असते, बिडी पेटवू नये. दुसरे काम, १०८ला फोन. सोयगाव किंवा कन्नडच्या वरच्या गावांतून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, घाटी दवाखान्यात पोहोचायला बराच वेळ जातो. म्हणून फोन आधी, मग बाकीचे. तिसरे, ट्रॅक्टर आणखी घसरू नये म्हणून दगड, ओंडके लावून अडवणे. लोक धावत येतात आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून हिसका देतात. तसे करू नका. साखळी सुटली तर तेच वजन त्या माणसावर पुन्हा पडते. थोडे थोडे उचलत, प्रत्येक वेळी खाली ओंडका सारत जावे. माणूस बाहेर काढला तर त्याला उचलून घाईने मोटारसायकलवर बसवू नये. पाठीला इजा असेल तर ती वाढते. सपाट फळीवर किंवा बाजेवर आडवा ठेवून न्यावे.

त्या मुलाचे रान अजून त्याच्या घरच्यांकडेच आहे. धाकटा भाऊ कसतो. खालचे, सपाटीचे गवत तो ट्रॅक्टरनेच कापतो. वरच्या अंगाला त्याने काठी आणि पाणसळ घेऊन मोजले, तेव्हा दहाला तीनच्या पुढे भरले. तो तुकडा आता विळ्याने कापतात. आईही जाते. तीन दिवस लागतात.